हॉलमध्ये हिवाळा काढलेल्या कुंड्या पुन्हा फुलवायच्या कशा?

नाशिकच्या पाथर्डी फाट्याला चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. निफाडचा पारा 6 अंशांच्या खाली गेल्याची बातमी वाचून त्यांनी डिसेंबरच्या मध्यावर बाल्कनीतल्या अकरा कुंड्या उचलून हॉलमध्ये आणल्या. तीन जास्वंदी, दोन मोगरे, दोन अडेनियम, एक बोगनवेल, एक देवचाफा, एक अँथुरियम आणि वाढदिवसाला भेट आलेलं फॅलेनॉप्सिस ऑर्किड. महाशिवरात्र झाल्यावर सगळ्या कुंड्या परत पश्चिमेच्या बाल्कनीत ठेवल्या. आता होळी होऊन गेली तरी एकाही झाडाला कळी नाही. जास्वंदीची पानं पिवळी होऊन गळतायत, काही पानांवर पांढरे चट्टे आलेत, एक अडेनियम बोटाला मऊ लागतंय. डीएपी टाकून झालं, चहाची पावडर घालून झाली. "आता कोणतं खत देऊ?" असं त्या विचारतात.

ताई, खताची पिशवी तूर्त बाजूला ठेवा. तुमची झाडं उपाशी आहेत हे खरं, पण त्यांची भूक उन्हाची आहे. अडीच महिने ती साठवणीवर जगली. त्या साठवणीत फूल काढण्याइतकं काही उरलेलं नाही, आणि डीएपीने ती भरून येत नाही. मखमलाबाद रस्त्याला माझी लहानशी रोपवाटिका आहे. 26 वर्षं झाली, दर मार्चमध्ये अशीच झाडं रिक्षातून, गाडीच्या डिकीतून माझ्याकडे येतात. दहापैकी आठ वाचतात आणि त्याच वर्षी फुलतातही. फक्त कामांचा क्रम चुकू द्यायचा नाही.

हॉलमध्ये नक्की काय झालं ते आधी समजून घ्या. भर दुपारी उघड्यावर साधारण 1,00,000 लक्स उजेड असतो. बाल्कनीच्या उजळ सावलीत 10,000च्या आसपास. खिडकीपासून सहा-सात फूट आत, सोफ्याच्या कडेला, तोच उजेड बऱ्याचदा 200 ते 500 वर येतो. आपल्याला तिथे आरामात पेपर वाचता येतो, कारण आपला डोळा जुळवून घेतो. जास्वंदीला ते जमत नाही. मोबाइलमध्ये उजेड मोजायचं अ‍ॅप टाका आणि ज्या जागी कुंड्या होत्या तिथे एकदा धरून बघा. आकडा अगदी काटेकोर येणार नाही, पण बाहेरच्या आणि आतल्या उजेडातलं अंतर बघून तुम्ही स्वतःच चमकाल.

तुम्ही नाशकातल्या, म्हणून द्राक्षाचं सांगते. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की पुढच्या दीड-दोन महिन्यांत नव्या काडीच्या डोळ्यात, म्हणजे कोंब फुटायच्या जागी, घड तयार होतो. दिसत काहीच नाही, पण आत सगळं ठरत असतं. त्या दिवसांत आभाळ राहिलं, काडीला ऊन लागलं नाही, तर ऑक्टोबर छाटणीनंतर घड कमी निघतात, नुसत्या बाळ्या, म्हणजे वेलीचे ताणे दिसतात. तेव्हा कितीही खत ओतलं तरी नसलेला घड येत नाही. जास्वंद काय, मोगरा काय, कुंडीतल्या झाडांचाही हिशोब याच जातीचा आहे. आज दिसणाऱ्या फुलाची तयारी काही आठवडे आधी उन्हात झालेली असते. तुमच्या झाडांचे ते आठवडे टीव्हीच्या शेजारी गेले.

आता पांढऱ्या चट्ट्यांकडे वळू. ते रोग नाहीत, भाजणं आहे. सावलीत फुटलेलं पान पातळ, मोठं आणि गडद असतं. मिळेल तेवढा उजेड गोळा करण्यासाठीच झाड त्याला तसं घडवतं. त्या पानाला तुम्ही हॉलमधून उचलून थेट पश्चिमेच्या दुपारच्या उन्हात नेलंत. भाजलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही, पण निम्म्याहून जास्त हिरवं असलेलं पान तोडू नका. नवी पालवी येईपर्यंत झाडाला तेवढाच आधार आहे.

म्हणून पहिलं काम म्हणजे कुंड्या पुन्हा उन्हाला सरावायच्या. हे आजच सुरू करा, कारण एप्रिल लागला की नाशिकचं ऊन चाळिशीकडे जातं आणि तेव्हा चुकीला माफी राहत नाही. बाल्कनीच्या ग्रिलला आतून 50 टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधा. पंचवटीत, द्वारका चौकात किंवा शेतीच्या कोणत्याही दुकानात ती मीटरवर मिळते. पहिले चार-पाच दिवस कुंड्या भिंतीला लागून, जिथे फक्त उजेड येतो, थेट ऊन येत नाही, अशा ठेवा. मग दर दोन-तीन दिवसांनी हातभर पुढे सरकवा. बारा ते चौदा दिवसांनी जास्वंद, बोगनवेल, अडेनियम आणि चाफा ग्रिलपाशी पोहोचले पाहिजेत. तिथे गेल्यावर या चौघांसाठी नेट बाजूला केली तरी चालेल, जास्वंदीला मात्र एप्रिल-मेच्या दुपारी ती असू द्या. पश्चिमेच्या बाल्कनीत उन्हाइतकाच त्रास तापलेल्या भिंतीचा आणि फरशीचा होतो. काळी प्लास्टिकची कुंडी संध्याकाळी हात लावून बघा, पातेल्यासारखी गरम असते, आणि आतली मुळं त्या उष्णतेत असतात. कुंडीखाली विटा ठेवा, किंवा लहान कुंडी मोठ्या मातीच्या कुंडीत बसवून मधल्या जागेत नारळाच्या शेंड्या भरा.

या पंधरा दिवसांत खत नाही, कुंडी बदलणं नाही (मोगरा आणि मऊ पडलेलं अडेनियम सोडून, त्यांचं पुढे सांगते). पाणी आणि तपासणी एवढंच.

तपासणीत सगळ्यांत आधी पिठ्या ढेकूण. बंद घरातल्या कोरड्या, वारा नसलेल्या हवेत तो फोफावतो आणि जास्वंद त्याची लाडकी. पानाचा देठ जिथे फांदीला मिळतो तिथे, शेंड्याच्या घडीत आणि कुंडीच्या काठाखाली बघा. कापसाचा बोळा चिकटल्यासारखं पांढरं दिसलं की तोच. पानाच्या पाठीवर बारीक जाळं आणि वर फिकट ठिपके दिसले तर लाल कोळी. दोन्हींसाठी पहिला उपाय बाथरूममधला शॉवर. कुंडीच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधा, झाड आडवं धरा आणि पानांच्या खालून जोरात पाणी मारा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लिटरभर पाण्यात 5 मिली नीमतेल आणि त्यात ते मिसळण्यापुरता एक-दोन मिली भांडी घासायचा साबण घालून फवारा. आठ दिवसांच्या अंतराने तीनदा तरी करा, कारण अंड्यांतून निघालेली पिल्लं एका फवारणीत सापडत नाहीत. दुपारी उन्हात नीमतेल मारू नका, पानं करपतात. आणि हे सगळं होईपर्यंत जास्वंदी मोगऱ्यापासून लांब ठेवा.

मग डीएपी. त्यात स्फुरद, म्हणजे फॉस्फरस भरपूर असतं, आणि जास्वंदीला ते जास्त झालं की सोसत नाही. लोह आणि इतर सूक्ष्म अन्नद्रव्यं तिला नीट उचलता येत नाहीत आणि कोवळी पानं पिवळी पडतात. त्यातून हॉलमध्ये झाड वाढत नव्हतं, पाणी कमी पीत होतं, म्हणजे टाकलेलं सगळं मातीत तसंच साठलेलं असणार. मातीवर किंवा कुंडीच्या कडेला पांढरी पापडी आलीय का बघा. असेल तर कुंडी बाथरूममध्ये न्या आणि दहा इंची कुंडीला एक बादली पाणी हळूहळू ओता. अर्धा तास थांबून दुसरी बादली. खालच्या भोकातून पाणी वाहून गेलं पाहिजे. इमारतीत बोअरचं पाणी येत असेल तर या कामाला महापालिकेच्या नळाचं पाणी वापरा. बोअरच्या जड पाण्याने क्षार धुवायला जाल आणि नवे क्षार भराल. बाल्कनीत हे करू नका, खालच्या मजल्यावर धुतलेले कपडे वाळत असतात.

चहाच्या पावडरीबद्दल एवढंच, की साखर-दुधाचा चोथा धुतल्याशिवाय कुंडीत घालायचा नाही. मुंग्या येतात, मुंग्यांमागून पिठ्या ढेकूण येतो. कंपोस्टच्या डब्यात मात्र जरूर टाका.

आता छाटणी. इथे लोकांचा हात थरथरतो, आणि फुलं येणं न येणं बरंचसं इथेच ठरतं.

जास्वंदीची एक फांदी हातात घ्या आणि बुंध्यापासून शेंड्याकडे बोटं सरकवत जा. खालच्या भागात एका पानाच्या खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत एक बोटभर अंतर लागेल. पुढे गेलात की एके जागी हे अंतर अचानक तीन-चार बोटांचं होतं, फांदी बारीक होते, साल फिकट हिरवी होते आणि फांदी खिडकीच्या दिशेला वाकलेली दिसते. ती जागा म्हणजे तुमचा डिसेंबर. तिथून पुढचं सगळं हॉलमध्ये वाढलंय. त्या लांबलचक फांदीला चांगलं फूल येणार नाही, आलंच तर ती ते पेलणार नाही. त्या जागेच्या दोन डोळे खाली कापायचं. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा निवडा आणि त्याच्या पाव इंच वर तिरका काप द्या. कात्री आधी स्पिरिटने पुसा. फांदी जिवंत आहे की वाळलीय अशी शंका आली तर नखाने साल जराशी खरवडा. खाली ओलसर हिरवं दिसलं तर जीव आहे, तपकिरी कोरडं दिसलं तर आणखी खाली जा.

एका वेळी झाडाचा तिसरा हिस्साच काढा. तुमच्या जास्वंदी आधीच पानं गाळतायत. सगळी छाटली तर नवी फूट काढायला त्यांच्याकडे ताकद उरणार नाही. तिसरा हिस्सा उन्हाला सरावण्याचे पंधरा दिवस झाल्यावर, उरलेल्या लांब फांद्या तीन आठवड्यांनी. जास्वंदीला फूल नव्या फुटीवर, पानाच्या बगलेत येतं. छाटणीपासून कळीपर्यंत सहा ते दहा आठवडे लागतात. म्हणून पाडव्याला तिच्याकडे फूल मागू नका. मे सरता सरता पहिली फुलं दिसतील आणि पहिल्या पावसानंतर ती पूर्ण रंगात येईल.

दोन-चार पानांची नवी फूट दिसली की खत सुरू. तुमच्याकडे कुणाची द्राक्षबाग असेल तर घरात विद्राव्य खतांच्या पिशव्या असणारच. 19:19:19 (हे आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश म्हणजे पोटॅश यांच्या टक्क्यांचे) चालेल, पण शेतातला डोस कुंडीला लावू नका. लिटरला 1 ग्रॅम, म्हणजे सपाट पाव चमच्याहून थोडं कमी, आठवड्यातून एकदा, आणि तेही ओल्या मातीत. नवी फूट वीतभर झाली की त्याऐवजी 13:0:45 त्याच मापाने द्या. जास्वंदीला पालाश आवडतं. 0:52:34 आणि 12:61:00 द्राक्षासाठी राहू द्या.

मे महिन्यात कळ्या आल्या आणि न उमलताच गळू लागल्या, तर मला लगेच खत विचारू नका. खाली पडलेली पिवळी कळी उचला, नखाने उभी चिरा आणि पांढऱ्या कागदावर झटका. बारीक पिवळसर-पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसल्या, काही तर उडी मारतात, तर ती कळीतली माशी आहे. पडलेली प्रत्येक कळी रोज वेचून पिशवीत बांधून घराबाहेर टाका. कुंडीत सोडली तर त्या अळ्या मातीत शिरतात आणि पुढची पिढी तयार होते. अळी नसेल तर कारण बहुधा पाण्याचं. नाशिकच्या मेमधल्या कोरड्या वाऱ्यात एक दुपार जरी कुंडी सुकली तरी जास्वंद कळ्या टाकते. तेव्हा सकाळी पाणी आणि फारच तापलं तर सूर्य मावळल्यावर पुन्हा.

मोगऱ्याचं सोपं आहे आणि तोच तुम्हाला सगळ्यांत आधी फूल देईल. खरं तर त्याला डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून विश्रांती द्यायची आणि नंतर छाटायचं. तुमचं ते राहिलं. हरकत नाही. आज दोन्ही मोगरे निम्म्यावर आणा, आतल्या बारीक काड्या काढा, उरलेली जुनी पानं हाताने ओरबाडून टाका. दोन दिवस कोरडा ठेवा, मग मूठभर गांडूळखत आणि मूठभर शेंगदाण्याची पेंड वरच्या मातीत मिसळून भरपूर पाणी. पंधरवड्यात पालवी, आणि नव्या फुटीच्या टोकाला तीन-तीन कळ्या. फुलं संपली की प्रत्येक वेळी शेंडे दोन पेरं खुडा, पुन्हा फुटेल. मोगऱ्याला दिवसातून पाच-सहा तास ऊन हवंच. तुमच्या बाल्कनीत ते दुपारनंतर मिळेल.

बोगनवेलीला ऊन द्या आणि तहान द्या. पानं जराशी मलूल झाल्याशिवाय पाणी घालू नका, मोठ्या कुंडीत हलवू नका, नत्राचं खत देऊ नका. कुंडीत मुळांची गर्दी झालेली तिला चालते. कोरडं पडल्यावरच ती रंग काढते.

आता मऊ लागणारं अडेनियम. यावर थोडा वेळ घालवते, कारण यात माझं स्वतःचं नुकसान झालंय. रोपवाटिका सुरू केली तेव्हा तिसऱ्या वर्षी मी तीस अडेनियम शेडमध्ये ठेवली होती. जानेवारीत त्यांची पानं गळायला लागली. मला वाटलं तहानली असतील, म्हणून रोज थोडं थोडं पाणी दिलं. फेब्रुवारीच्या शेवटी त्यातली एकोणीस बुंध्यातून सडली. अडेनियम पूर्व आफ्रिकेच्या आणि अरबस्तानच्या कोरड्या, उष्ण मुलखातलं. थंडीत ते पानं टाकून झोपतं, आणि झोपलेल्या झाडाची मुळं पाणी ओढत नाहीत. मातीतलं थंड पाणी मग त्यांना कुजवतं. तेव्हापासून माझ्याकडे डिसेंबर ते फेब्रुवारीत अडेनियमला पाणी जवळजवळ बंद असतं.

तुमचं अडेनियम तहानलंय की सडतंय हे अंगठ्याने कळतं. फुगीर बुंध्याला चारी बाजूंनी हलकेच दाबा. सगळीकडून सारखं दबत असेल, साल सुरकुतलेली असेल आणि दाबलेली जागा परत वर येत असेल, जुन्या बटाट्यासारखी, तर तहान आहे. ऊन दाखवा, आठ दिवसांच्या अंतराने दोनदा नीट पाणी द्या, बुंधा भरेल. पण एकाच बाजूला अंगठा आत रुतत असेल, साल काळपट असेल, दाबल्यावर तपकिरी पाणी येत असेल आणि वास येत असेल, तर सड आहे. मग थांबू नका. हातमोजे घाला, याचा चीक विषारी असतो, डोळ्याला लागू देऊ नका आणि मुलांना लांब ठेवा. झाड मातीतून काढा, धारदार सुरीने सडलेला भाग कापत जा. कापलेली जागा पूर्ण पांढरी, घट्ट, एकही तपकिरी ठिपका नसलेली दिसेपर्यंत थांबायचं नाही, अर्धा बुंधा गेला तरी. प्रत्येक कापानंतर सुरी पुसा. जखमेवर बुरशीनाशकाची पूड चोपडा आणि झाड सावलीत, वाऱ्यावर, मातीशिवाय आठवडाभर पडू द्या. जखम वाळून खरखरीत झाली की कोरड्या, भरड मातीत लावा आणि पहिलं पाणी आणखी आठवड्याने.

दुसरं अडेनियम घट्ट असेल तर उन्हाला सरावल्यावर त्याच्या फांद्या निम्म्यावर छाटा. प्रत्येक कापाखाली दोन-तीन फुटी येतात आणि फूल फुटीच्या टोकाला लागतं. जितके शेंडे तितके गुच्छ. मेमध्ये, कधी त्याच्याही थोडं आधी, ते फुललं पाहिजे.

देवचाफ्याला मात्र कात्री लावू नका. त्याचा फुलोरा फांदीच्या टोकातूनच निघतो. जास्वंदीच्या उत्साहात चाफ्याचे शेंडे छाटलेत तर यंदाची फुलं गेली म्हणून समजा. पानं गळून नुसता सांगाडा उभा असेल तर घाबरू नका, हिवाळ्यात त्याचं तसंच असतं. टोक दाबून बघा, घट्ट असेल तर झाड चांगलं आहे. टोकाला हिरवी पानं बोटभर दिसू लागली की पाणी सुरू करा. तोवर पंधरा दिवसांतून एक तांब्या पुरे.

मातीबद्दल इथेच सांगते. तुमच्या कुंड्यांत शेतातली काळी माती असेल, अशी मला दाट शंका आहे. नाशकात प्रत्येकाचं कुणीतरी शेतकरी असतं आणि माती पोत्यांनी येते. ती माती शेतात सोनं आहे. कुंडीत ती पावसाळ्यात चिखल होते आणि उन्हाळ्यात कडेपासून सुटून दगड होते. वरून घातलेलं पाणी मग कडेच्या फटीतून सरळ खाली निघून जातं आणि मधली मुळं कोरडीच राहतात. त्यात ती अल्कधर्मी, म्हणून जास्वंदीच्या कोवळ्या पानांत शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी दिसते. छाटणीनंतर नवी फूट दिसू लागली की माती बदला. दोन भाग लाल माती किंवा पोयटा, एक भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग भाताचं तूस, आणि कुंडीमागे मूठभर नीमपेंड. घोटीकडे कुणी जाणारं असेल तर तिथल्या राइस मिलमधून तूस पोतंभर मागवा, मातीत हवा खेळवायला त्याच्याइतकं स्वस्त दुसरं काही नाही. अडेनियम आणि चाफ्यासाठी याच मिश्रणात निम्मी भरड वाळू. मुळांचा गोळा काढल्यावर मुळं पांढरी-पिवळसर आणि टणक हवीत. तपकिरी, ओढल्यावर साल हातात येणारी मुळं कापून टाका. नवी कुंडी जुनीपेक्षा दोन इंचांनीच मोठी घ्या.

अँथुरियमला हे काहीच करू नका. त्याला पश्चिमेचं ऊन दाखवूच नका, नेटच्या आतल्या बाजूला, उजळ सावलीत ठेवा. त्याचं गणित वेगळं आहे. प्रत्येक नव्या पानाच्या बगलेतून एक फूल येतं. फूल हवं तर आधी पान हवं, आणि पानासाठी ऊब, ओलावा आणि भरपूर पण गाळलेला उजेड. पसरट ताटात खडे आणि पाणी ठेवून त्यावर कुंडी ठेवा, बूड पाण्यात बुडणार नाही अशी. जुनं पान हिरवं आहे तोवर कापू नका.

फॅलेनॉप्सिसबद्दल गंमत अशी, की अकरा कुंड्यांत थंडी हवी होती ती याला. रात्री 15 ते 18 अंशांच्या आसपास काही आठवडे मिळाले की ते फुलाचा दांडा काढतं. हवा 28 अंशांच्या वर राहिली तर नुसती पानं काढत बसतं. नाशिकचा नोव्हेंबर-डिसेंबर या कामाला फार छान. खालच्या पानाच्या बगलेत नीट बघा. नवा कोंब टोकाला गोल, चकचकीत, हिरवट-रुपेरी असेल तर मूळ आहे. चपटं, हातमोज्याच्या आकाराचं टोक असेल तर दांडा आहे, आणि तुम्ही नशीबवान आहात. दांडा नसेल तर यंदा दोन चांगली पानं वाढवायचं लक्ष्य ठेवा. पूर्वेची खिडकी, थेट ऊन नाही, मुळं रुपेरी झाली की पाणी, हिरवी असताना नाही, आणि पानांच्या मधल्या खाचेत पाणी साचू द्यायचं नाही. दांडा असेल, कळ्या धरल्या असतील, तर मे महिन्यात एक काळजी घ्या. आंब्याची अढी ज्या खोलीत घालाल तिथे हे ऑर्किड ठेवू नका. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने कळ्या दोन दिवसांत पिवळ्या होऊन गळतात. माझ्याकडे आलेल्या एका काकूंच्या आठ कळ्या हापूसच्या पेटीशेजारी अशाच गेल्या.

राहता राहिला पुढचा हिवाळा. निफाडचा आकडा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला, उघड्या शिवारातला असतो. पाथर्डी फाट्याच्या चौथ्या मजल्यावर, दिवसभर ऊन खाल्लेल्या पश्चिमेच्या भिंतीला लागून, तेवढी थंडी येत नाही. जास्वंद 10 अंशांच्या आसपास वाढ थांबवते, चार पानं पिवळी करते, पण मरत नाही. तेव्हा जास्वंद, मोगरा, बोगनवेल, चाफा बाल्कनीतच राहू द्या. कुंड्या ग्रिलपासून भिंतीकडे ओढा, पाणी सकाळी दहानंतर आणि निम्मं, खत दिवाळीनंतर बंद. कडाक्याच्या रात्री जुनी सुती साडी वरून टाकायची आणि सकाळी ऊन आलं की काढायची. अडेनियम पावसा-दवापासून आडोशाला, कोरडं. घरात फक्त अँथुरियम आणि ऑर्किड घ्या, तेही खिडकीपासून दोन फुटांच्या आत, पडदा दिवसभर उघडा ठेवून.

शेडनेट बांधून झाली की जास्वंदीच्या फांदीचा आणि त्या मऊ अडेनियमच्या बुंध्याचा फोटो पाठवा, अंगठा दाबलेल्या जागेचा अगदी जवळून. सड असेल तर उद्याची वाट न बघता आजच कापावं लागेल.